तारीख १९८० वर जाते? जुन्या पीसीतला ‘तो कसला तरी भाग’ आधी ओळखा, मग हात लावा

लक्षणं

जुना डेस्कटॉप चालू केला की घड्याळात १ जानेवारी १९८० दिसतं. पडद्यावर ‘सीएमओएस बॅटरी स्टेट लो’ किंवा ‘सीएमओएस चेकसम एरर’ येतं आणि एफ-१ दाबेपर्यंत यंत्र तिथेच अडून राहतं. आयबीएम एटीसारख्या यंत्रांत शब्दांऐवजी आकडा येतो. १६१ म्हणजे बॅटरी गेली, १६३ म्हणजे तारीख-वेळ लावलेली नाही. हार्ड डिस्क जागेवर असूनही यंत्र ती नाहीच म्हणतं. सेटअपमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या मांडणीच्या पानांत, सगळं नव्याने भरलं की दिवसभर काही तक्रार नसते. रात्री बंद केलं की सकाळी पुन्हा कोरं.

दुखणं जुनं झालं की आणखी काही दिसायला लागतं. कीबोर्ड कधी लागतो, कधी नाही, आणि पावसाळी हवेत तर हटकून नाही. कीबोर्डच्या सॉकेटजवळ बोर्डावर पांढरट-हिरवी पूड जमते. शेवटी पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो.

याच्यासोबत एक फोटो आणि एक प्रश्न ठरलेला असतो: ‘बोर्डावर हे निळं नळकांडं कसलं?’, ‘ही घड्याळाचं चित्र छापलेली काळी वीट कसली?’, ‘हा डबा वायरीने लटकतोय, काढून टाकू का?’ गोव्यात हे फोटो चवथीच्या आधी जास्त येतात, कारण तेव्हा घरं झाडायला काढतात आणि माळ्यावरचा पीसी खाली उतरतो. लग्नपत्रिका छापणारे छोटे छापखाने, देवस्थान कमिट्यांची ऑफिसं, गावातली वाचनालयं, नाटकमंडळी, फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकलेल्यांची घरं, अशा ठिकाणी १९९०च्या आसपासची यंत्रं अजून बऱ्या अवस्थेत सापडतात.

ही तक्रार घेऊन आलेल्या बोर्डावरचा तो अनोळखी भाग बहुतेक वेळा बॅटरीच असतो, फक्त वेश वेगळा असतो. नळकांडं बोर्ड खात असतं, वीट बोर्डाला काही करत नाही, आणि तिसऱ्याच एखाद्या कार्डाशिवाय तुमचा जुना मराठी मजकूर उघडणारच नाही. या तिघांना एकच उपाय लावला तर निदान एकाचं तरी कायमचं नुकसान होतं. म्हणून आधी ओळख, नंतर हत्यार.

झाकण उघडण्याआधी, फुकटात

पहिला प्रश्न असा की तुमच्या यंत्राला मुळात लक्षात ठेवण्याची सोय होती का? १९८१चा आयबीएम पीसी आणि त्याच्या वळणाची एक्सटी यंत्रं यांच्या बोर्डावर बॅटरीवर चालणारं घड्याळ नव्हतंच. बोर्डावरचे छोटे स्विच वरखाली करून मेमरी किती, फ्लॉपी किती ते सांगायचं, आणि तारीख दर वेळी हाताने टाकायची. अशा यंत्रात १९८० दिसणं हा बिघाड नाही. तिथे घड्याळ असलंच तर ते वेगळ्या कार्डावर असतं, एएसटीच्या सिक्सपॅक कार्डासारखं, आणि बॅटरीही त्याच कार्डावर. मदरबोर्डवर शोधत बसू नका.

१९८४च्या आयबीएम एटीपासून चित्र बदललं. त्यात मोटोरोलाची एमसी १४६८१८ ही घड्याळाची चिप आली. तिच्या पोटात ६४ बाइट मेमरी. १४ बाइट घड्याळ आणि त्याच्या नियंत्रणासाठी, उरलेल्या ५० मध्ये हार्ड डिस्क, फ्लॉपी, मेमरी यांची नोंद. यंत्र बंद असताना ही मेमरी, म्हणजे पडद्यावरच्या संदेशातली ‘सीएमओएस’, जिवंत ठेवणं एवढंच त्या बॅटरीचं काम. म्हणून बॅटरी गेली की तारीख आणि हार्ड डिस्क दोन्ही एकदम हरवतात. फक्त हार्ड डिस्क हरवली आणि तारीख बरोबर असली, तर बॅटरीमागे लागू नका. केबल आणि डिस्क तपासा.

आता एक चाचणी. सेटअपमध्ये तारीख लावा, जतन करा आणि कंट्रोल-आल्ट-डिलीटने यंत्र परत सुरू करा, वीज न तोडता. तारीख टिकली तर घड्याळाची चिप शाबूत आहे. मग बटण बंद करून पाचेक मिनिटांनी सुरू करा. आता तारीख गेली तर दोष बॅटरीकडे. वीज असतानाही तारीख गेली तर चिप, तिला ठोके देणारा क्रिस्टल किंवा बोर्डावरची वाट बिघडली आहे. त्याकडे शेवटी येऊ.

याच चाचणीला पुढे न्या. यंत्र पाच-सहा तास चालू ठेवा आणि मग रात्रभर बंद करा. इतका वेळ चालवल्यावर तारीख रात्रभर टिकते, पण दहा मिनिटं चालवून बंद केल्यावर टिकत नाही, असं दिसलं तर आत चार्ज होणारी बॅटरी आहे, म्हणजे जवळजवळ नक्की नळकांडं. झाकण न उघडता एवढं कळतं. नळकांडं असेल तर पुढचं काम आजच करायचं आहे, हेही कळतं.

यंत्र चालू असताना वेळ मागे पडत असेल तर तो दोष या बॅटरीचा नव्हे. डॉस, म्हणजे त्या काळची कार्यप्रणाली, सुरू होताना एकदाच घड्याळाच्या चिपकडून वेळ घेतो, नंतर स्वतःच सेकंदाला सुमारे १८.२ ठोके मोजत पुढे जातो. बंद असताना वेळ मागे पडली तरच बॅटरी किंवा क्रिस्टलचा संशय घ्या.

१९९५ नंतरच्या एटीएक्स यंत्रांत एक फसवी गोष्ट आहे. भिंतीवरचं बटण चालू असेल तर बंद यंत्रालाही थोडी वीज मिळत राहते आणि मेलेली बॅटरी झाकली जाते. आपल्याकडे मे अखेरीस विजा कडाडायला लागल्या की लोक प्लग काढून ठेवतात, आणि तेव्हाच ‘पावसाने कॉम्प्युटर बिघडवला’ अशी तक्रार येते. बॅटरी आधीच संपलेली असते.

झाकण उघडण्याआधी आणखी एकच काम, पण ते चुकवू नका. सेटअपच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. हार्ड डिस्कचा टाइप, सिलिंडर, हेड, सेक्टर हे आकडे कागदावर लिहून कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. जुन्या बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये) डिस्कचे ठरलेले टाइप असतात आणि बऱ्याच बोर्डांवर ४७ हा स्वतः आकडे भरण्याचा टाइप असतो. सीगेटच्या एसटी-२५१ या त्या काळी घरोघरी असलेल्या डिस्कला ८२० सिलिंडर, ६ हेड, १७ सेक्टर लागतात. भलते आकडे भरून डिस्कवर काही लिहिलं गेलं तर वीस-तीस वर्षं टिकलेला डेटा एका संध्याकाळी जाईल. आकडे माहीत नसतील तर डिस्कवरचं लेबल वाचा. लेबलही गेलं असेल तर अंदाजाने भरू नका.

झाकण उघडून, नुसते डोळे आणि टॉर्च

प्लग भिंतीतून काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. जुन्या एटी कॅबिनेटमध्ये समोरच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टच्या वायरी आलेल्या असतात, आणि बटणामागची रबरी टोपी इतक्या वर्षांनी तडकलेली असते. प्लग काढल्यावर कॅबिनेटच्या कोऱ्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. पावसाळ्यातल्या दमट हवेत ती कमी असते, पण डिसेंबर-जानेवारीत वारा कोरडा झाला की चिप मारायला पुरेशी असते.

बॅटरी बहुधा कीबोर्डच्या गोल सॉकेटच्या आसपास असते. टॉर्च वरून धरू नका, आडवा धरा. पुसट अक्षरं तिरक्या उजेडातच वाचता येतात. काही हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या, जंपर, म्हणजे पिनांच्या जोडीवर बसणाऱ्या छोट्या टोप्या, दिसतील असे.

सर्वांत स्वस्त पुरावा भागावर नसतो, भागाशेजारी बोर्डावर छापलेला असतो. बी, बीटी किंवा बॅट म्हणजे बॅटरी. आर म्हणजे रेझिस्टर, सी कपॅसिटर, डी डायोड, क्यू ट्रान्झिस्टर, यू चिप, एक्स किंवा वाय क्रिस्टल, एफ फ्यूज. अंगावरचे आकडे वाचताना भोवळ आली तरी हे एक अक्षर निम्मं काम करून जातं.

नळकांडं. निळ्या, हिरव्या किंवा दुसऱ्या एखाद्या रंगाच्या प्लॅस्टिकात गुंडाळलेलं, बोटाच्या पेराएवढं. आत तीन निकेल-कॅडमियम सेल एकावर एक. अंगावर ३.६ व्होल्ट आणि बहुधा ६० एमएएच लिहिलेलं. २८६, ३८६ आणि सुरुवातीच्या ४८६ बोर्डांवर हेच सर्रास. याच्या पोटातला पोटॅशियम हायड्रॉक्साइड वर्षांनुवर्षं झिरपतो. तो अल्कली आहे. तांब्याच्या रेषांवरून, वरच्या हिरव्या लेपाखालून, बोर्डाच्या आरपार छिद्रांतून तो लांबवर जातो. सोल्डर काळं पडतं, तांबं हिरवं होतं. किनाऱ्यालगतच्या घरांत खारं वारं आणि ओल यांची त्याला साथ मिळते. कीबोर्डचा कंट्रोलर, म्हणजे ८०४२ ही चिप, बहुधा शेजारीच असते. म्हणून आधी कीबोर्ड जातो.

काळी वीट. चिपच्या सॉकेटात बसेल अशी, पण नेहमीच्या चिपच्या दुप्पट-तिप्पट उंच. अंगावर डॅलस, डीएस १२८७ किंवा डीएस १२८८७, काहींवर गजराच्या घड्याळाचं चित्र. बेंचमार्कची बीक्यू ३२८७ ही तिचीच बहीण. घड्याळ, क्रिस्टल आणि लिथियम सेल एकाच ठोकळ्यात ओतून बंद केलेले. २४ पायांची जागा असते, पण काही पाय मुद्दामच नसतात. ‘पाय तुटलेत’ म्हणून घाबरलेल्या माणसाचा फोटो आला तर मी आधी हेच सांगतो. सेलचं आयुष्य उत्पादकाने साधारण १० वर्षं सांगितलेलं, त्यामुळे १९९०च्या दशकातली प्रत्येक वीट आता संपलेली धरा. ही गळत नाही. घाई नाही. मात्र काही बोर्ड वीट मेल्यावर सुरूच होत नाहीत, म्हणून काळा पडदा बघून अख्खा बोर्ड मेला असं ठरवू नका.

नाणं. सीआर २०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. ही सगळ्यांच्या ओळखीची. एकच लक्षात ठेवा, सीआर २०२५ ची जाडी अडीच मिलिमीटर आहे, ती होल्डरमध्ये सैल बसते आणि तक्रार तशीच राहते. होल्डरच्या पट्ट्या दमट हवेत काळवंडतात, त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

लटकता डबा. दोन वायरी, चार पिनांच्या जागेवर बसणारा कनेक्टर, आणि वेल्क्रोने एसएमपीएसला (वीजपुरवठ्याच्या डब्याला) किंवा कॅबिनेटच्या भिंतीला चिकटवलेली बॅटरी. चारपैकी एक पिन सहसा कापलेली असते, उलटा बसू नये म्हणून. डबा उघडून सेल पाहा. पेन्सिल सेल असतील तर तेही गळतात, पण बोर्डापासून लांब गळतात, एवढा त्यांचा उपकार.

बॅटरीसारखे दिसणारे, पण बॅटरी नसलेले. गोल काळी, मध्ये भोक असलेली टिकली म्हणजे बझर. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चंदेरी नळी म्हणजे घड्याळाचा ३२.७६८ किलोहर्ट्‌झचा क्रिस्टल. ३२७६८ ला पंधरा वेळा दोनने भागलं की एक उरतो, म्हणजेच सेकंदाला एक ठोका, म्हणून हा आकडा. मोठी चपटी चंदेरी डबी, १४.३१८ लिहिलेली, तीही क्रिस्टलच, पण घड्याळाच्या चिपची नव्हे. पिवळा किंवा नारिंगी थेंब म्हणजे टँटलम कपॅसिटर. एका ओळीत पाय, टोकाला ठिपका, अंगावर ए १०३ असं काही, म्हणजे १० किलोओहमचा रेझिस्टरांचा गट. आणि चिपवरचा ९१४२ सारखा चार आकडी अंक बघून तो नंबर शोधत बसू नका. तो भागाचा क्रमांक नाही, १९९१ सालचा ४२वा आठवडा आहे.

काही स्वस्त ४८६ बोर्डांवर कॅश मेमरीच्या जागी नुसते प्लॅस्टिकचे ठोकळे बसवलेले सापडतात, आत काहीच नसलेले. ‘राइट बॅक’ छापलेल्या चिपचे पाय बोर्डावर कुठेच जात नसतील तर तुम्हाला तोच नमुना मिळाला आहे. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नाही.

एक कार्ड, जे भंगारात जाता कामा नये

बॅटरी शोधताना स्लॉटमध्ये एखादं लांबलचक कार्ड दिसतं. मागे मॉनिटरचं नेहमीचं कार्ड आहे, डिस्कचंही आहे, मग हे कोण? त्यावर सी-डॅक किंवा जिस्ट असं लिहिलेलं असेल तर थांबा.

जिस्ट हे तंत्र १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये उभं राहिलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने ते वाढवलं. हे कार्ड बसवलं की डॉसवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रामात देवनागरी टंकता आणि पाहता यायची. त्या काळी मराठीत हिशेब, पावत्या, सभासदांच्या याद्या ठेवणाऱ्या कचेरीसाठी ही फार मोठी गोष्ट होती. फायली इस्की या संकेतात साठायच्या, ज्याचं १९९१चं भारतीय मानक आयएस १३१९४ आहे. युनिकोडची देवनागरीची मांडणीही इस्कीच्या आधीच्या, १९८८च्या आवृत्तीवरूनच घेतली आहे. म्हणून त्या फायलींतला मजकूर नव्या यंत्रावर आणता येतो. पण आधी त्या फायली डिस्कवरून सुखरूप बाहेर यायला हव्यात, आणि नीट उतरला की नाही हे ताडून पाहायला मूळ यंत्र त्या कार्डासह चालतं ठेवलेलं बरं.

हेच मागच्या प्रिंटर पोर्टवरच्या डोंगलबाबत. दोन्ही बाजूंना कनेक्टर असलेली ती आगपेटीएवढी डबी निरुपयोगी दिसते, पण छापखान्यातलं जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर अनेकदा तिच्याशिवाय उघडत नाही. गावच्या उत्सवाच्या स्मरणिका, नाटकांच्या संहिता, दिवाळी अंकांची पानं अशा यंत्रांत पडून आहेत. यंत्र विकायचं असलं तरी कार्ड आणि डोंगल त्याच यंत्रासोबत ठेवा आणि वर चिठ्ठी लावा.

आता मीटर

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. प्लग काढलेलाच असू द्या. नाणं होल्डरमधून बाहेर काढून मोजा. नवं ३ व्होल्टच्या थोडं वर दाखवतं, २.७ च्या खाली गेलेलं बदला. नळकांडं बोर्डावरच मोजता येतं, पण आकडा चांगला आला म्हणून ते ठेवू नका. गळणारं नळकांडंही काही काळ व्होल्ट देत राहतं. विटेच्या आतला सेल बाहेरून मोजता येत नाही, त्याचे पाय बाहेर आणलेलेच नाहीत.

अनोळखी भागाची कुठली बाजू उणे, हे कळायला मीटर जोडणी तपासण्याच्या खुणेवर ठेवून एक टोक बोर्डाच्या वीज-कनेक्टरमधल्या काळ्या वायरीला आणि दुसरं भागाच्या पायाला लावून आवाज येतो का ते पाहा. लटकत्या डब्याची जागा तपासतानाही हेच. बहुतेक बोर्डांवर पहिली पिन अधिक आणि चौथी उणे असते, पण ‘बहुतेक’वर बॅटरी जोडू नका, मीटरने खात्री करा.

यंत्र अजिबात सुरूच होत नसेल तर बोर्डाचा वीज-कनेक्टर काढून बोर्डावरच्या लाल आणि काळ्या जागांमधला, मग पिवळ्या आणि काळ्या जागांमधला रोध मोजा. शून्याला टेकला तर एखादा टँटलम थेंब आतून जुळला असण्याची शक्यता मोठी. तो दोष बॅटरीचा नाही.

नळकांडं काढणं

ओळख पटली की हे काम पुढे ढकलू नका, यंत्र चालत असलं तरीही. हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा, कारण आत कॅडमियम आहे. पाय नाजूक कटरने बॅटरीच्या बाजूने कापा. ओढून उपटू नका, पायाखालचं तांबं सोलून येतं. काढलेली बॅटरी पंचायतीच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.

पूड आणि डाग यांवर पांढरं, बिनरंगी व्हिनेगर कापसाच्या काडीने लावा. झिरपलेला पदार्थ अल्कली असल्यामुळे सौम्य आम्ल त्याला शमवतं. स्वयंपाकघरातलं माडाचं व्हिनेगर वापरू नका. सोरपोतेलला ते उत्तम, पण त्यातला गाळ आणि साखर बोर्डावर चिकटून ओल धरून ठेवते. फेस थांबला की डिस्टिल्ड पाण्याने धुवा, नळाच्या पाण्याने नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. नंतर पूर्ण वाळू द्या. जुलैत बोर्ड उघड्यावर चार दिवस ठेवला तरी वाळत नाही. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा, किंवा एसीच्या खोलीत पंख्याखाली.

वाळल्यावर भिंगातून बघा. काळ्या पडलेल्या रेषा सुईने हलक्या खरवडा आणि मीटरने टोक ते टोक जोडणी तपासा.

नव्या बॅटरीबद्दल एकच कडक नियम. नळकांड्याच्या जागी नाणं थेट जोडायचं नाही. तो बोर्ड बॅटरीला चार्ज करतो, आणि सीआर २०३२ चार्ज करण्यासाठी नाही. ती फुगते, फुटते. मध्ये डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, हवाच, त्याच्या अंगावरचा पट्टा बोर्डाच्या बाजूला. साधा १एन ४१४८ सुमारे ०.६ व्होल्ट खातो, म्हणून नाण्यासोबत शॉटकी प्रकारचा घ्या, तो ०.३ च्या आसपास खातो. बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिना असतील तर मला तीन पेन्सिल सेलांचा डबा आणि डायोड हा उपाय अधिक आवडतो: साडेचारातून डायोडचं वजा जाता बोर्डाला हवे तेवढे व्होल्ट मिळतात. काही बोर्डांवर आतली बॅटरी की बाहेरची हे सांगणारा जंपरही असतो, तो बदला. डबा कॅबिनेटच्या भिंतीला लावा, बोर्डाच्या खालच्या पातळीवर, म्हणजे उद्या गळला तरी ओघळ बोर्डावर जाणार नाही.

विटेचा उपाय

सॉकेटमध्ये असेल तर सोपं. खाचेची दिशा फोटोत टिपा, दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचला, नवी डीएस १२८८७ बसवा. ए अक्षर जोडलेल्या प्रकारात मेमरी पुसण्याची एक पिन जास्त असते, एवढाच मुख्य फरक. विकत घेताना चार आकडी तारीख विचारा. ‘नवी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी विटा जुन्या बोर्डांवरून काढून घासूनपुसून दिलेल्या असतात, आतला सेल तसाच मेलेला.

थेट सोल्डर केलेली असेल तर दोन वाटा. सगळे पाय सुटे करून सॉकेट बसवायचं, किंवा विटेची कड कोरून आतले १६ आणि २० क्रमांकाचे पाय उघडे करायचे, जुन्या सेलची जोडणी तोडायची, आणि नाण्याचा होल्डर जोडायचा: २० ला अधिक, १६ ला उणे. दुसरी वाट स्वस्त आहे, पण हात स्थिर नसेल तर धरू नका. ही वीट स्वतःला चार्ज करत नाही, त्यामुळे इथे डायोड लागत नाही.

इथे थांबा

एसएमपीएसचं झाकण उघडू नका. २३० व्होल्टवरून आतल्या कपॅसिटरवर ३२० व्होल्टच्या वर साठा होतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. जुना काचेचा मॉनिटर तर अजिबात नाही. रंगीत पिक्चर ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या घरात दाब लागतो. ही दोन्ही कामं टीव्ही दुरुस्तीत मुरलेल्या माणसाची.

मीटरवर शून्य रोध, जळका वास, धूर, बोर्डाच्या आतल्या थरांपर्यंत गेलेली गळती, आरपार छिद्रं खाल्लेली, साफसफाईनंतरही कीबोर्ड मेलेला, वीज असतानाही हरवणारी तारीख: यांपैकी काही असेल तर तिथेच थांबा. कारण यापुढे अंदाजाने केलेलं प्रत्येक सोल्डर पुढच्या कारागिराचं काम अवघड करतं. सोल्डर काढण्याचा पंप आधी कधी हातात धरला नसेल तर सोल्डर केलेल्या विटेवर शिकू नका, एखाद्या मेलेल्या बोर्डावर शिका.

आणि डिस्कवर दुसरीकडे कुठेही नसलेला मजकूर असेल, तर बॅटरीच्याही आधी डिस्कची पूर्ण प्रत काढून घ्या. ते जमत नसेल तर डिस्क सुटी करून डेटा काढणाऱ्याकडे द्या आणि मग बोर्डाला हात लावा.

लॅपटॉपच्या दुकानात असा बोर्ड नेला तर ‘नवीन घ्या’ एवढंच ऐकायला मिळतं. म्हापसा, फोंडा, मडगाव इथल्या बाजारात सूक्ष्मदर्शकाखाली मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे न्या. तुटलेली रेष केसाएवढ्या तारेने जोडणं हे त्यांचं रोजचं काम. २८६चा बोर्ड त्यांनी कधी पाहिलेला नसेल, म्हणून सोबत साफ करण्याआधीचे फोटो, बोर्डावर छापलेलं मॉडेल, जंपरांची नोंद आणि कुठल्या रेषा तुटल्यात त्याच्या खुणा द्या. जुन्या बोर्डांची माहिती ठेवणाऱ्या ‘रेट्रो वेब’ या संकेतस्थळावर तुमच्याच बोर्डाचा स्वच्छ फोटो किंवा जंपरांचा तक्ता मिळाला तर तोही छापून न्या. काम सोपवतानाच सांगा की काढलेला प्रत्येक भाग परत हवा, आणि चिप बदलायची वेळ आली तर आधी फोन करा.